समेवर न अडखळणारा सीडी प्लेअर: शोधाची नोंदवही

जून, पहिला आठवडा

स्पीकर झाले, ॲम्प (ॲम्प्लिफायर) झाला, राहिला सीडी प्लेअर. खरं तर हे काम मी चार वर्षं पुढे ढकलत होतो, कारण घरात एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो सीडी वाजवतो. ‘वाजतंय ना, मग आणखी एक डबा कशाला?’ असं घरातून आलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. ते परवा बाबांनी दिलं.

रविवारी सकाळी एका ख्यालाची सीडी लावली होती. पहिला ट्रॅक विलंबित एकतालाचा, दुसरा द्रुत तीनतालाचा. मैफल सलग आहे, फक्त सीडी करणाऱ्याने मध्ये ट्रॅकची खूण टाकलीय, आणि ती बरोब्बर विलंबित संपून द्रुत सुरू होतं त्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. गायक तिहाई घेत समेकडे आले, तबलजींनी हात उचलला, आणि प्लेअर अर्धा सेकंद गप्प. मग द्रुत सुरू, पण सम गेली ती गेलीच.

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “अरे, सम गिळली याने.”

चार वर्षं मी हे ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची लाज वाटली. सीडीवर दोन ट्रॅकच्या मध्ये शांतता असायलाच हवी असं काही नाही. पण कित्येक डीव्हीडी प्लेअर ट्रॅक बदलताना आवाज बंद करून पुन्हा चालू करतात. सिनेमातल्या गाण्यांना काही फरक पडत नाही, ख्यालाला पडतो.

तर, मोहीम सुरू. खोली बारा बाय अकरा, ॲम्प पन्नास वॉटचा, स्पीकर बुकशेल्फ, सीड्या साधारण ३४०. त्यातल्या साठेक सीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीड्या) आहेत, घरगुती मैफलींच्या कॅसेटवरून २००३-०४ मध्ये एका दुकानातून करून घेतलेल्या. या साठच माझं खरं दुखणं आहेत, कारण त्या दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत.

जून, तिसरा आठवडा

आठवडाभर डॅक चिपांचं, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या चिपांचं, वाचन केलं. कुठली चिप ‘उबदार’, कुठली ‘कोरडी’, जुनी फिलिप्सची टीडीए १५४१ कशी देवदुर्लभ, याचं गुऱ्हाळ कितीही चालवता येतं. मी वही मिटली. सीडी म्हणजे १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने, कागदावर सुमारे ९६ डेसिबलची झेप. आजची बऱ्यापैकी कुठलीही चिप याच्या कितीतरी पुढे आहे. उलट चिपपर्यंत डेटा धड पोचवणारी जी यंत्रणा आहे, म्हणजे लेन्स, तिला सरकवणारी मोटर, तिला वाटेवर धरून ठेवणारा सर्व्हो, तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. आणि बंद पडते ती तीच. चिपमुळे प्लेअर भंगारात गेलेला मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा ठरलं: प्लेअर सीडी कशी वाचतो ते आधी, आवाज मग.

जुलै

सेकंडहँडचा मोह आवरला नाही. नव्वदच्या दशकातला एक जपानी प्लेअर बघायला गेलो. वजन भरपूर, ॲल्युमिनियमचं तोंड, ट्रे अशी बाहेर येते की जणू नाट्यगृहाचा पडदा सरकतोय. विकणारा म्हणाला, “प्लग लावा, चालू. एकदम ओरिजिनल पीस आहे.” ओरिजिनल होताच, जरा जास्तच. मागची पट्टी टॉर्च मारून वाचली तर लिहिलेलं: १०० व्होल्ट. म्हणजे जपानच्या बाजारासाठीचा. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत तो थेट खोचला असता तर ट्रान्सफॉर्मरची होळी. जुन्या जपानी मालाला हात लावताना सगळ्यात आधी ही पट्टी वाचा. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो धूड आणि त्याची घूं घूं कपाटात ठेवायची तयारी हवी.

तरी घेतला. (आपण सगळे असेच आहोत.)

घरी आणून स्टेपडाउनवर लावला. छापील सीड्या सुरेख वाजल्या, सीडी-आर टाकली की ‘नो डिस्क’. ट्रे पाच वेळा दाबल्यावर एकदा उघडायची. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं, लेन्सवर तिरका उजेड टाकला आणि मला बघायला लावलं. काचेवर धुक्यासारखा पातळ थर होता, आणि तो कापसाने पुसून जाणारा नव्हता.

“काका, हे लेन्सचं हेड बदलून मिळेल?”

“ट्रेचा बेल्ट आत्ता देतो. हेडचं म्हणाल तर डुप्लिकेट येतात, चार महिने चालतात, मग परत माझ्याकडे येता तुम्ही.” मग आवाज खाली आणून, “आणि कुणी पॉट, म्हणजे आतला छोटा स्क्रू, पिळून लेझर वाढवून देतो म्हणालं तर देऊ नका. आठवडाभर बरा वाचेल, मग कायमचा झोपेल.”

सीडी-आर आधी का रुसते, तेही त्यांनीच समजावलं. छापील सीडीत खड्डे साच्यातून उमटलेले असतात. सीडी-आरमध्ये खड्डे नसतात, रंगाच्या थरावर लेझरने पाडलेले डाग असतात, आणि परत येणारा उजेड कमी-जास्त असतो. लेन्स म्हातारी झाली की पहिली तक्रार तिथूनच येते. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर त्याहून वाईट, तिच्यावरून उजेड छापील सीडीच्या चौथाईच्या आसपासच परत येतो. म्हणून जुना प्लेअर तपासायला जाताना खिशात एक सीडी-आर आणि एक सीडी-आरडब्ल्यू असू द्या. छापील सीडी वाजली यावरून काहीच कळत नाही.

बेल्ट घातला. ट्रे आता झकास उघडते. प्लेअर मित्राला देऊन टाकला, त्याच्याकडे सगळ्या छापील आहेत.

ऑगस्ट: वात्रट पाच

परीक्षेसाठी पाच सीड्यांचा संच केला. वर सांगितलेला ख्याल, २००४ ची कुरकुरणारी सीडी-आर, एक सीडी-आरडब्ल्यू, ७७ मिनिटांची काठोकाठ भरलेली एक सीडी (सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरलेली असली की लेन्स पार कडेपर्यंत जाते आणि सरकपट्टीवरचं ग्रीस सुकलं असेल तर तिथे अडकते), आणि पाचवी माझी स्वतःची करामत.

ही करामत जरा तपशिलात सांगतो. सीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय आधीच केलेली असते, डेटा मागेपुढे विखरून लिहिलेला असतो. म्हणून लेन्स वाचत जाते त्या वाटेच्या लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गायब झाला तरी हिशेबाने तो पूर्ण भरून निघतो. त्यापुढे प्लेअर अंदाजाने मधली जागा सांधतो, आणि मग खटखट. पण हे झालं कागदावर. प्रत्यक्षात एवढ्या अंधारात लेन्स वाट सोडते की नाही, हे प्लेअरच्या सर्व्होवर ठरतं, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. म्हणून एका फुकट मिळालेल्या सीडीच्या खालच्या बाजूला परमनंट मार्करने केंद्रातून कडेकडे जाणाऱ्या रेघा मारल्या, वाढत्या जाडीच्या. लावली. प्रत्येक प्लेअरने ती अशी वाजवली की जणू रेघा नाहीतच.

मी खूश. मग शंका आली. सीडीचं लेझर ७८० नॅनोमीटरचं, म्हणजे दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडचं. आणि मार्करच्या बऱ्याच शाया आपल्या डोळ्यांना काळ्याकुट्ट असल्या तरी तो प्रकाश अडवत नाहीत. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडावर त्याच मार्करचा ठिपका दिला, टीव्ही तरीही चालू झाला. झालं, अख्खा शनिवार पाण्यात.

मग काळी इन्शुलेशन टेप. ब्लेडने अर्धा, एक, दीड आणि दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, एका वेळी एकच पट्टी लावायची. लावताना ती नेमकी केंद्रातून कडेकडे जायला हवी, तिरकी गेली तर रुंदी फसवते. (स्लॉटमधून सीडी आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये टेपवाली सीडी चुकूनही घालू नका. ट्रेवाल्यातसुद्धा टेप घट्ट दाबूनच.)

पट्टीवर अडखळले दोनच, घरचा डीव्हीडी प्लेअर आणि मित्राकडे गेलेला तो म्हातारा. डीव्हीडीवाला एक मिलिमीटरवर, म्हातारा दीडवर. नवीन प्लेअर तीन बघितले, एक मित्राकडचा आणि दोन दुकानदाराला गळ घालून, आणि ते तिन्ही दोनची पट्टी गिळून बसले. सीडी-आरडब्ल्यूही तिघांनी वाचली, फक्त सुरुवातीची अनुक्रमणिका वाचायला कुणाला जास्त वेळ लागला, कुणाला कमी.

सप्टेंबर

आता आवाज. यात फसगत फार होते, आणि ती मुख्यतः पातळीमुळे. एका प्लेअरचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं २.२ व्होल्ट असलं तर फरक ०.८ डेसिबलचा. कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त मोकळा’ वाटतो, ‘तानपुरा जास्त भरलेला’ वाटतो. आणि आपण जास्तीचे दहा हजार मोजून येतो.

म्हणून १०० हर्ट्झच्या सुराची सीडी लिहिली आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून दोन्ही प्लेअरची पातळी जुळवली. १ किलोहर्ट्झचा सूर मुद्दाम टाळला, स्वस्त मल्टिमीटर वरच्या वारंवारितेला एसी व्होल्ट नीट मोजत नाहीत. एकाच सीडीच्या दोन प्रती, दोन प्लेअर, मित्र माझ्या पाठीमागे. बारा वेळा ‘हा कोणता?’ विचारलं. सात बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. मित्राचे पाच आले, आणि तो मात्र अजून म्हणतो की त्याला फरक ऐकू येतो.

कुणाला वाईट वाटेल, पण नवीन आणि धड बनवलेल्या दोन प्लेअरमध्ये माझ्या खोलीत, माझ्या कानांना फरक नाही. वेगळ्या ट्रान्सपोर्टचाही विचार केला होता, ऑडिओलॅब ६००० सीडीटीसारखा, ज्यात डॅक नसतो आणि डेटा आधी थोडा साठवून मग पुढे सोडतात. पण तो स्लॉटवाला, आणि माझ्या कडा उचललेल्या जुन्या सीडी-आर स्लॉटमध्ये ढकलायचा मला धीर नाही. शिवाय आणखी एक डबा, आणखी एक वायर. घरातला प्रश्न पुन्हा आला असता.

मग उरली यामाहा सीडी-एस ३०३, डेनॉन डीसीडी-६०० एनई आणि मरँट्झ सीडी ६००७. डेनॉनला यूएसबी नाही, मला ते नकोच होतं, त्यामुळे मनाने तिकडे झुकलो होतो. निकाल लागला तो आवाजावर नाही. माझ्या ॲम्पला हेडफोनची खोबण नाही, मरँट्झला आहे आणि तिचा व्हॉल्यूम वेगळा. बाबा साडेनऊला झोपतात, माझं ऐकणं दहानंतर सुरू होतं. एवढंच.

ऑक्टोबर, पहिला रविवार

प्लेअर आला. आवाजाचा पोत किंचित बदलणारे दोन पर्यायी फिल्टर आहेत त्यात, एकदा बदलून पाहिले आणि जिथे होता तिथे ठेवून दिला. झाकणावर काहीही ठेवायचं नाही, अशी घरात नोटीस लावलीय. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायचा विचार होता, पण मोटर फिरते तिथे सुटी पुडी नको. त्या कपाटाच्या कोपऱ्यात ठेवल्यात.

सकाळी ख्याल लावला. बाबा पेपर वाचत होते. तिहाई आली, पडद्यावर १ चा २ झाला आणि सम जागच्या जागी पडली. बाबांनी पान उलटलं, बोलले काही नाहीत.

साठ सीडी-आरपैकी आत्तापर्यंत बावीस लावून पाहिल्या. एकवीस वाजल्या. एक ४१ व्या मिनिटाला थांबते. डीव्हीडी प्लेअरवरही तिथेच थांबायची, म्हणजे दोष तिचाच. उजेडासमोर धरली तर त्या भागात सुईच्या टोकाएवढी तीन भोकं दिसतात, लेबलच्या बाजूने खरवडलेली. वरचा थर किती पातळ असतो ते त्यावरून कळतं, आपण मात्र जन्मभर खालची बाजू जपतो. उद्या ती कंप्यूटरच्या ड्राइव्हमध्ये सगळ्यात कमी वेगावर लावून निदान ४१ च्या पुढचं काही निघतं का बघतो.