याच्या बायकोचं काय?

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. साडेबारा वाजलेत. कारण इतकं फालतू आहे की ह्याला सांगितलं तर हसेल, म्हणून सांगितलंच नाही.

वाचन-गटाला दिलेलं माझं पुस्तक परत आलं आज, पाच घरं फिरून. कव्हरवर तेलाचा डाग (कोणाकडे पडला तेही माहितीये), मध्ये खुणेला ठेवलेलं कोणाचं तरी लाइटबिल, आणि सातव्या प्रकरणात, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात, एक ओळ. 'पण याच्या बायकोचं काय?'

बस एवढंच. आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

म्हणजे शनिवारी गटाच्या चर्चेत जे झालं त्याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. ह्या वेळी पुस्तक सुचवायचा माझा नंबर होता आणि मी मोठ्या हौसेने 'द माल्टीज फाल्कन' दिलं, डॅशियल हॅमेटचं, १९३० सालची डिटेक्टिव्ह कादंबरी, माझं सगळ्यात लाडकं, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून चाळीस रुपयांना घेतलेलं. आणि सगळ्यांनी मिळून त्याची पार सालटी काढली. काकू म्हणाल्या हा डिटेक्टिव्ह स्पेड माणूस आहे का कोण, पार्टनरचा खून झालाय आणि हा लगेच दारावरचं त्याचं नाव काढायला सांगतो. वहिनींना ते हजार डॉलरच्या नोटेचं प्रकरण अजिबात सहन झालं नाही, एक नोट गायब झाली म्हणून त्या मुलीला बाथरूममध्ये नेऊन कपडे उतरवायला लावतो तो, आणि मीही तिथे काही बोलू शकले नाही कारण ते पान मी स्वतः दरवेळी भरभर उलटते. त्यातल्या कैरो नावाच्या माणसाची ज्या पद्धतीने टिंगल केलीये तीही आज वाचवत नाही, खरंच नाही वाचवत.

बँकवाल्या काकांचं म्हणणं वेगळंच. ते लहानपणापासून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेले, त्यांना त्यातल्या काळा पहाड आणि झुंजारची सवय. इथे कोण काय विचार करतंय तेच कळत नाही म्हणे. रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी फोन येतो, पार्टनर गेला, आपल्याला फक्त स्पेडचं बोलणं ऐकू येतं, पलीकडचं नाही, आणि मग हा पलंगाच्या कडेला बसून सिगरेट वळतो. कागद, तंबाखू, बोटं, जीभ, अख्खा परिच्छेद सिगरेटचा, आणि दुःख झालं का नाही झालं त्यावर एक अक्षर नाही. काका म्हणाले, "मग आम्ही ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "अहो काका, तेच तर!" पण तेवढ्यात पोह्यांच्या डिश आल्या.

आणि ताईंनी तर कहरच केला. लेकाकडे गेल्या होत्या ना सॅन फ्रान्सिस्कोला, तर तिथे बुश स्ट्रीटला लागून ती एवढीशी बरिट स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तिथे भिंतीवर पाटीच लावलीये की साधारण याच जागी माइल्स आर्चरला (स्पेडचा तो पार्टनर) अमुक अमुक व्यक्तीने संपवलं. खुन्याच्या नावासकट! कादंबरीतला खून, आणि खरी पाटी लागलीये त्याला. ताईंनी फोटो सगळ्यांना दाखवला, त्यातल्या दोघांचं पुस्तक अर्धंच झालं होतं. झालं, चर्चा तिथेच संपली.

हे सगळं मी पचवलं. पेन्सिलीची ती एक ओळ मात्र पचत नाहीये.

कारण ती नेमकी फ्लिटक्राफ्टच्या गोष्टीपाशी आहे. आणि ती गोष्ट माझी आहे. म्हणजे मी तशी करून घेतलीये. स्पेड वाट बघत बसलेला असताना मधेच सांगतो, मूळ रहस्याशी काही संबंध नाही तिचा. हा फ्लिटक्राफ्ट म्हणजे अमेरिकेतल्या टाकोमा गावचा जमिनीचे व्यवहार करणारा एक माणूस, १९२२ साली दुपारी जेवायला म्हणून ऑफिसातून निघतो, बांधकाम चाललेल्या इमारतीवरून लोखंडी तुळई त्याच्या शेजारी कोसळते, फुटपाथची एक कपची उडून गालाला लागते, बाकी काही नाही. आणि तो तसाच गावातून निघून जातो. उघडल्यावर मूठ जशी नाहीशी होते तसा. पाच वर्षांनी सापडतो स्पोकेन नावाच्या दुसऱ्या गावात, नाव वेगळं, गाड्यांचा धंदा, नवीन बायको, तान्हा मुलगा, सीझनमध्ये चारनंतर गोल्फ. म्हणजे जे सोडलं तेच परत जमवलेलं. तुळया पडतात म्हटल्यावर त्याने स्वतःला तसं बदललं, मग पडल्या नाहीत तर परत पहिल्यासारखा झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चोवीस वर्षांची होते, सात बेचाळीसची लोकल, आणि त्या महिन्यात रोज वाटायचं की उतरूच नये, जाऊ द्यावी गाडी पुढे कर्जत-खोपोली जिथे जाईल तिथे. तेव्हापासून ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. ह्याला पहिल्याच भेटीत सांगितली होती. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे", आणि मेनूकार्ड उचललं. पुस्तकात स्पेड ज्या ब्रिजिडला ही गोष्ट सांगतो, तीही हेच करते, वा किती छान म्हणते आणि आपल्या विषयावर येते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं खरं तर. असो.

पण इतक्या वर्षांत, इतक्या वेळा सांगताना, त्याच्या बायकोचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. एकदाही! मी आपली कायम त्याच्या जागी. गाल माझा, कपची मला लागलेली, गाव सोडून जाणारी मी. मी बाई आहे, घर चालवते, आणि मला त्या घरात वाट बघत बसलेली बाई दिसलीच नाही, आणि पुस्तक न आवडलेल्या कोणाला तरी ती पहिल्या वाचनात दिसली. हेच टोचतंय. आपलं हक्काचं घर म्हणून दाखवायला न्यावं आणि पाहुण्याने विचारावं, ही खोली कसली हो, आणि आपण ती कधी उघडलेलीच नसावी.

अक्षर कोणाचं म्हणून थोडी गुप्तहेरगिरी पण केली संध्याकाळी. 'य' जुन्या वळणाचा वाटला म्हणून काकूंना फोन लावला, आडून आडून विचारलं फ्लिटक्राफ्ट कसा वाटला. काकू म्हणाल्या, "कोण गं? मी कुठे तिथपर्यंत पोचले, तो जाडा व्हिलन येतो ना, त्याच्या बऱ्याच आधी सोडलं." म्हणजे शनिवारी पाऊण तास स्पेडच्या माणुसकीवर बोलल्या त्या अर्धं पुस्तकही न वाचता. मला इतकं हसू आलं की फोन ठेवल्यावरही हसत होते. वहिनींना विचारलंच नाही. वहिनी असतील तर मला कळायला नकोय.

मग आत्ता परत काढून वाचलं ते पान. उत्तर आहे तिथे. बायकोला सगळं मूर्खपणाचं वाटलं, बोभाटा नको होता, आणि एवढं झाल्यावर तोही नको होता, गुपचूप घटस्फोट झाला आणि सगळ्यांचं भलं झालं, असं स्पेड सांगतो. सगळ्यांचं भलं! सांगणारा स्पेड, म्हणजे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते आपलं आपण बघायचं. आणि ती काय गप्प बसली नव्हती, पाच वर्षांनंतरही नवऱ्यासारखा कोणीतरी दिसल्याचं कळल्यावर सरळ डिटेक्टिव्ह एजन्सीत जाऊन उभी राहिली. हा भाग मी सांगताना कायम गाळते. गोष्ट लांबते म्हणून.

आणि दोन मुलगे होते त्यांना, एक पाच वर्षांचा, एक तीन. त्यांच्याबद्दल तर पेन्सिलवालीनेही विचारलं नाही. (वाली का वाला, काय माहीत. काका पण पेन्सिल बाळगतात खिशात.)

खोडरबर घेतला होता हातात, ठेवून दिला. राहू दे. चाळीस रुपयांच्या पुस्तकात एवढं चालतं.

आत्याला हे पुस्तक मी कधीच वाचायला दिलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. सगळ्या जगाला दिलं, तिला नाही. गोष्टही सांगितली नाही कधी. ती विचारायची सुद्धा, काय गं एवढं काय आहे त्यात. मामंजी (तिचे यजमान) गेले, म्हणजे निघून गेले, ते साल... जाऊ दे.

उद्या तिच्याकडे जायचंय, लोणच्याची बरणी द्यायला. पुस्तक पिशवीत टाकलं, मग काढलं. तिला तसाही इंग्लिश वाचायचा कंटाळा आहे.