सावली दक्षिणेला पडते तेव्हा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. भूगोलाच्या गुरुजींनी आमच्याकडून मोजून घेतलेल्या सावलीबद्दलच लिहायचं होतं. आज मी परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीन करतो, आणि शाळेतलं जे अजून रोज सोबत आहे ते हेच.

झेंड्याच्या ओट्याजवळ गुरुजींनी एक मीटरची काठी रोवली होती, गवंड्याचा ओळंबा लावून अगदी सरळ. सावली सर्वांत आखूड होते ती खरी दुपार. आपल्याकडे ती सरासरी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होते, कारण देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. आम्ही आळीपाळीने शहाबादी फरशीवर गेरूची खूण करायचो. २२ डिसेंबरच्या सुमारास सावली ९२ सेंटिमीटर, उत्तरेकडे. २१ मार्चला ३५. पुढे शाळेला सुट्टी लागायची, तरी गावातली पोरं दुपारी ओट्यावर हजर. १६-१७ मेला सूर्य थेट माथ्यावर येतो, सावली काठीच्या बुडातच जिरते. आणि जूनमध्ये ढग बाजूला झाले की खरं नवल दिसायचं: सावली दक्षिणेला! सूर्य आपल्याला ओलांडून कर्कवृत्ताकडे गेलेला असायचा. २१ जूनला ती जेमतेम ७ सेंटिमीटर भरते.

उन्हाळा का होतो, असं विचारलं की अख्खा वर्ग म्हणायचा, सूर्य जवळ येतो म्हणून. गुरुजींनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २० लाख. म्हणजे आपण शेकोटीभोवती बसतो तेव्हाच सूर्य सर्वांत जवळ! वर्ग चिडीचूप.

मग त्यांनी एका मोसंबीत सायकलची तार आरपार खुपसली. एका पोराला मैदानात सूर्य म्हणून उभं केलं आणि स्वतः मोसंबी घेऊन त्याच्याभोवती चालू लागले. तार साडेतेवीस अंश कललेली, आणि तिचं टोक सतत महादेवाच्या देवळाच्या कळसाकडे. गुरुजी कुठेही असोत, टोक कळसावरून हलायचं नाही. त्यामुळे एका बाजूला मोसंबीचा वरचा भाग सूर्याकडे झुकलेला, तर समोरच्या बाजूला पाठ फिरवलेला. पृथ्वीचा आसही असाच वर्षभर ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. झुकलेल्या बाजूला ऊन सरळ पडतं, दिवसही मोठा होतो. आपल्याकडे जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम अकराचा. डिसेंबरातलं दुपारचं ऊन तिरपं येऊन जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून तेवढ्याच रानाला माथ्यावरच्या उन्हाच्या पाऊणपटच ऊब मिळते. मग दिवस जूनमध्ये सर्वांत मोठा असून आपली होरपळ मेमध्येच का? कारण जूनमध्ये ढग येतात, पाऊस येतो आणि जमीन निवते.

माझे वडील शाळेची पायरी चढलेले नव्हते. त्यांचं सगळं नक्षत्रांवर. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २२ च्या आसपास, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा गुरुजी खूश झाले. म्हणाले, ‘‘अरे, तुझे वडील पृथ्वीचा प्रवासच मोजतात!’’ पृथ्वी पुढे सरकते तशी सूर्यामागची चांदणी बदलते; २७ नक्षत्रांत वर्ष वाटलं की एकेकाला तेरा-चौदा दिवस येतात. घरी जाऊन हे सांगितलं तर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘तुमच्या गुरुजींला एकदा रानात घेऊन ये.’’ गुरुजी आले, धुऱ्यावर बसून हुरडा खाल्ला आणि दोघं अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. मला त्या दिवशी शाळा आणि रान एकच वाटलं.

मृग कोरडा जाणार की बरसणार, हे काठी सांगत नाही, नक्षत्रही सांगत नाही. मराठवाड्याला हे बहात्तरच्या दुष्काळापासून पक्कं ठाऊक आहे. पण मृग दरवर्षी त्याच सुमारास का येतो, हे आमच्या लेकरांना मोबाईलवर बघण्याआधी फरशीवर दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

नव्या इमारतीच्या अंगणात तशी काठी नाही. शून्य सावली मेमध्ये सुट्टीत येते, आणि जुलैच्या शेवटी परत येते तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून मे महिन्यात एक दुपार मुलांना मुद्दाम बोलवावं, ही मुख्याध्यापकांना विनंती. लोखंडी नळी, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी माझ्याकडे लागली. जागा तेवढी दाखवा, दिवसभर सावली न पडणारी.