चोपड्याच्या स्टँडवरचे आबा

मे महिन्यातली दुपार, चोपड्याचं बसस्थानक, पारा ४४ च्या पुढे. बाकावरचे एक आबा अचानक कलंडले. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. "आबा, तुमनं गाव कोनतं शे?" विचारलं, तर भलतंच काही बोलत होते. उष्माघातच!

कुणी कांदा हुंगवा म्हणे, कुणी तोंडात पाणी ओतायला निघालं. मी त्याचा हात धरला. शुद्ध हरपत असताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आबांना सावलीत नेलं, सदऱ्याची बटणं सोडली, ओला रुमाल मानेला, काखेत, जांघेत लावला. रसवंतीवाल्या दादानं बर्फ दिला, एक ताई पदरानं वारा घालत राहिली.

१०८ नंबरवर फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते, हे अजून कितीकांना ठाऊक नाही. जीव जळतो माझा. ती आली तेव्हा आबा मुलाचा नंबर अडखळत सांगत होते. मी लगेच लावला.