टायटॅनिक १:४०० – पोर्टहोलं झाली, फोटोंशी भांडण चालूच

माझ्या टायटॅनिकच्या मॉडेलचा डाव्या बाजूचा नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) भाग एकदाचा संपला. सी डेकच्या (मजल्याच्या) ओळीत सोळा पोर्टहोलं, म्हणजे गोल खिडक्या, पाडली, कडा पॉलिश पेपरनं साफ केल्या, आतून काळा हात मारला.

नव्या मंडळींसाठी: टायटॅनिकचं जोडीचं जहाज ऑलिम्पिक, त्याच्यावर १९११मध्ये याच ओळीत चौदा होती. दोघी बहिणी दिसायला सारख्या, म्हणून वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले टायटॅनिक म्हणून सर्रास ऑलिम्पिक दाखवतात. भोकं मोजायची नसतील तर ए डेक बघा. पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद असेल तर टायटॅनिक, पार मागेपर्यंत उघडा असेल तर ऑलिम्पिक. हे एकदा डोक्यात बसलं की दर १५ एप्रिलला बातम्या बघवत नाहीत. घरचे माझ्या हातातला रिमोटच काढून घेतात.

ही लबाडी जहाज बुडाल्याबरोबर सुरू झाली. १९१२च्या न्यूजरीलमध्ये (थिएटरात दाखवायच्या बातमीपटात) टायटॅनिकचा कॅप्टन स्मिथ ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, फिरताना दिसतो, तो ऑलिम्पिकच्या ब्रिजवर. ओळख पटू नये म्हणून आजूबाजूच्या टगबोटींची नावं फिल्मवरून खरवडून काढलेली! ‘सगळे वाचले’ असं छापून मोकळी झालेली वर्तमानपत्रंही होतीच. गेले जवळजवळ पंधराशे.

१९९७च्या सिनेमाचं मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. मेक्सिकोतल्या त्या अवाढव्य सेटची फक्त उजवी बाजू पूर्ण बांधली होती. निघायच्या वेळी साउदॅम्प्टन बंदरात जहाज डाव्या बाजूनं धक्क्याला लागलेलं, म्हणून तो प्रसंग चित्रित करून नंतर उलटा फिरवला. त्यासाठी पाट्यांवरची अक्षरंसुद्धा उलटी रंगवली. याला म्हणतात मेहनत. आणि त्याच सिनेमात फर्स्ट ऑफिसर मर्डॉक प्रवाशांना गोळ्या घालून स्वतःला संपवतो! ठोस पुरावा काहीही नाही. उजव्या बाजूच्या होड्या सोडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि बायका जवळ नसतील तर तो पुरुषांनाही बसू देत होता. १९९८मध्ये स्टुडिओचा अधिकारी स्कॉटलंडला, मर्डॉकच्या डॅलबीटी गावी जाऊन माफी मागून आला. सिनेमातला प्रसंग आहे तिथेच आहे.

चौथ्या धुराड्याला काजळी जवळपास लावलीच नाही. ते बॉयलरचं नव्हतं, मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं. चित्रांतला चारीतून निघणारा धूर विसरा.

आता डेव्हिट (होड्या खाली सोडायचे वाकडे खांब), उजवीकडून सुरुवात. त्यांच्या दोरांसाठी शिवणाचा दोरा या मापाला फार जाड दिसतोय. कुणी बारीक तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) वापरला असेल तर त्यावर रंग धरतो का, तेवढं सांगा.