दुसऱ्या पानावरचा हत्ती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात झेरॉक्स, आधार, उतारा, पासपोर्ट फोटो असं सगळं एकाच बोर्डावर लिहिलेली जी दुकानं आहेत ना, त्यातलंच एक माझं. दिवसभर लोकांचे अर्ज टाईप करायचे. ते वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय, की माणूस सगळा जीव ओततो तो खालच्या मजकुरात, आणि 'विषय' म्हणून जी ओळ असते तिथं काहीतरी खरडून मोकळा होतो. आणि साहेबाच्या टेबलापर्यंत धड पोचते ती तेवढी एकच ओळ.

पटत नसेल तर कुठल्याही ऑफिसातलं आवक रजिस्टर बघा. लांबडं पुस्तक, त्यात नंबर, तारीख, कुणाकडून आला, आणि मग विषयाचा रकाना, तो पण चिंचोळा. क्लार्क बाई अर्ज घेणार, शिक्का मारणार, वरची ओळ बघून रकान्यात मावतील तेवढे चार-पाच शब्द उतरवणार, की झालं. पुढं महिन्यानं तुम्ही 'माझ्या अर्जाचं काय झालं वो म्याडम' म्हणत गेला की बाई तेच पुस्तक उघडून त्या रकान्यावरून बोट फिरवणार. आता तिथं ओळीनं विनंती अर्ज, विनंती अर्ज, तक्रार अर्ज, परत विनंती अर्ज असंच असलं तर त्यांनी तरी कुठला म्हणून शोधायचा?

त्यात आपली शाळेपासूनची सवय, खाली पहिलंच वाक्य 'वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की'. म्हणजे वर बघावं तर नुसतं विनंती अर्ज, आणि खाली बघावं तर वर बघा.

गेल्या वर्षी भातकापणीच्या आधी जांबोटीकडचे एक काका आले होते. नातवाच्या वहीच्या कागदावर दोन पानी अर्ज घरूनच लिहून आणलेला, मला म्हणाले फकस्त टाईप करून द्या. विषय अर्थातच विनंती अर्ज. पहिल्या पानावर वडिलार्जित जमीन, भावाभावांची वाटणी, थोरल्यानं कसा बांध कोरला, मग यंदाचा पाऊस, मग खताचा भाव, मी आपला टाईप करतोय करतोय आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर अचानक हत्ती आला.

"काका, हत्ती?"

"व्हय की. दांडेलीकडनं आलता. समदं भात तुडवून गेला बगा रातीत."

"मग हे वर नको काय लिहायला?"

"वर कसं लिवायचं वो? सायबास्नी एकदम हत्तीच म्हणायचं?"

मला हसू आलं, पण काका बोलले त्यात आपली सगळी रीत आली. आपल्याकडे कामाचं एकदम बोलणं म्हणजे उद्धटपणा. पाहुणा येतो, पाणी पितो, तब्येतीची चौकशी होते, चहा होतो, आणि मग चपला घालता घालता दारातून म्हणतो, "आणि हां, आलो होतो ते जरा पैशाचं..." अर्ज पण आपण तसाच लिहितो. फक्त दारापर्यंत सोडायला यायला साहेबाला वेळ नसतो, तो पहिल्या पानावर थोरल्याच्या बांधापाशीच कागद बाजूला ठेवतो, आणि वर ते बांधाचं प्रकरण समजून दुसऱ्याच टेबलाला पाठवतो.

शेवटी आम्ही विषय केला तो असा, 'हत्तीने भातपिकाचे नुकसान केल्याने पंचनामा करून भरपाई मिळणेबाबत', आणि त्यालाच लागून गाव आणि सर्व्हे नंबर. भाऊ, बांध, खत सगळं काढलं. काकांना बांध काढलेला आवडला नाही, पण हत्ती सगळ्यात पुढं आलेला बघून जरा ताठ बसले. मिळणेबाबत हे शेपूट मी मुद्दाम ठेवतो. लोक 'रस्त्याबाबत' लिहून थांबतात. रस्त्याबाबत काय? करायचा, रुंद करायचा, का शेजाऱ्यानं अडवलाय तो मोकळा करायचा? काय झालंय, कुठं झालंय आणि तुम्हाला काय पाहिजे, एवढं आलं की ओळ भरली. मग ती लांब झाली तरी चालेल. विषय छोटाच पाहिजे असं सांगणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही, फक्त कामाचा शब्द पुढं पाहिजे, कारण रकान्यात पुढचंच मावतं.

आमच्या भागात अजून एक भानगड असते. अर्ज मराठीत करायचा का कन्नडात, हा विषय भाषावार राज्यं झाली त्या १९५६ पासून चालू आहे आणि तो माझ्या दुकानात काय सुटायचा नाही. पण टेबलापलीकडचा माणूस कधी विजापूरकडचा असतो, कधी रायचूरकडचा, मराठी ऐकून समजतं पण वाचताना अक्षर जुळवावं लागतं. अशा वेळी आकडे कामाला येतात. लाईट बिलावर आर आर नंबर, म्हणजे ग्राहकाचा नंबर असतो, उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो, तो विषयातच टाकला की अर्धं काम तिथंच होतं. 'लाईटचा लय प्रॉब्लेम' हे तुम्ही जगातल्या कुठल्याही भाषेत लिहा, लाईनमनला कळणार नाही कुठं जायचं. पण आर आर नंबर, आणि पुढं 'मीटर जळाला, बदलून मिळणेबाबत' म्हटलं की तो शिडी घेऊन कुठल्या घरापुढं उभारायचं ते बरोबर ओळखतो.

माहिती अधिकाराचं तर कर्नाटकात नियमातच बसवलंय, एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, २००८ पासून. दीडशेची अट मला खरं तर चिकटपणाची वाटते, खेड्यातल्या माणसानं शब्द मोजत बसायचं काय? पण एका विषयाचं म्हणाल तर बरं झालं. नाहीतर लोक गटार, रेशन, शाळेचं गळकं छप्पर आणि चुलतभावाची भिंत एकाच कागदावर घालून आणतात आणि विषय लिहितात 'विविध समस्या'. ग्रामपंचायतीच्या पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी साहेबांनी तो कुठल्या फायलीला लावायचा?

तरण्या पोरांचं काही वेगळं नाही बरं का. पुण्याला नाहीतर गोव्याला नोकरीसाठी मेल टाकतात माझ्याकडनं, विषय एकतर रिकामा नाहीतर 'रिस्पेक्टेड सर', आणि जोडलेल्या फायलीचं नाव 'स्कॅन १२'. ईमेलवर ही विषयाची ओळ असावी असं ठरवणारं एक टिपण १९७३ सालचं आहे, इंटरनेटच्या आधीचं जे अर्पानेट नावाचं जाळं होतं त्या काळातलं, आणि ते लिहिणाऱ्या चौघांत अभय भूषण हे आपल्या आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. त्यात नमुना म्हणून जे पत्र दाखवलंय त्याचा विषय एका मीटिंगची सूचना असा आहे, आणि कशाची मीटिंग ते पण त्याच ओळीत. पोरांना सांगितलं की ऐकतात. "पोस्टचं नाव, तुझं नाव, अनुभव किती, एवढं लिही की बे." "पण सर असं डायरेक्ट?" परत तोच हत्ती.

आणि व्हॉट्सॲपचं तर काय बोलायचं. तिथं विषयाची ओळ नसते, म्हणून मेसेजचे पहिले चार शब्द म्हणजेच विषय. माझी बहीण बेळगावात वडगावला असते, त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'सर्व नागरिकांना अत्यंत नम्रपणे कळविण्यात येते की', मोबाईल न उघडता दिसतं ते एवढंच, वर तीन लाल दिवे आणि हात जोडलेले. खाली शेवटी असतं की राकसकोप धरणाच्या पाईपलाईनचं काम आहे, दोन दिवस पाणी नाही. ती वाचते तोपर्यंत लवकर उठलेल्यांनी बॅरल भरून ठेवलेले असतात. 'दोन दिवस पाणी नाही' हे पहिलं लिहायला काय जातं? अर्जंट, महत्त्वाचे, कृपया लक्ष द्या, हे सगळे शब्द लिहिणाऱ्याला किती घाई आहे तेवढंच सांगतात. वाचणाऱ्याला ती घाई आपली आहे का परक्याची, हे कळायला पाणी हा शब्द दिसावा लागतो.

आता सगळीकडेच एवढं उघडं लिहावं असं पण मी म्हणत नाही. एक ताई आल्या होत्या, घरातलंच प्रकरण होतं, मी सवयीप्रमाणं विषय सगळा नीट टाईप केला तर म्हणाल्या, "दादा, हे वर नको. ते पुस्तक सगळी वाचतात." खरंच आहे की. रजिस्टर टेबलावर उघडं असतं, शिपाई वाचतो, रांगेतला वाचतो, संध्याकाळपर्यंत गावात. त्यांच्यासाठी 'वैयक्तिक अडचणीबाबत' असं ठेवलं आणि अर्ज पाकिटात घालून साहेबांच्या हातातच द्या म्हटलं. तिथं मोघमच बरोबर.

आणि काही लोकांना मोघम का पाहिजे असतं ते पण आता कळायला लागलंय. एका सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी माझ्याकडेच टाईपला येते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंदास मंजुरी देणे, हिशेबतपासनीस नेमणे, सगळे विषय कसे स्वच्छ, आणि शेवटचा ठरलेला, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. सगळी भांडणं होतात ती ह्याच्यावर, कर्ज कुणाला दिलं, गाळा कुणाला दिला, सगळं ह्यातच. यंदा मी चेअरमनना म्हटलं, काय विषय येणार ते तुम्हाला माहीत असतंयच की, तर नोटिशीतच लिहू या की नीट, लोक तयारीनं येतील.

"म्हणूनच नको वो," ते म्हणाले, "लिहिलं तर सगळे येतील."