फ्रेमचा फोटो

"एवढे चांगले फोटो काढतेस, मग नोकरी सोडून हेच का करत नाहीस?" बँकेतले सहकारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी मावशी विचारतात. परवा तर डीडी काढायला आलेल्या एका गृहस्थांनी काचेच्या खिडकीतून विचारलं. त्यांच्यामागे रांग होती, म्हणून हसून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत, आणि आज रविवार आहे, तर सगळंच सांगते.

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. राहते भांडुपला, माहेर डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतलं. कॅमेरा घेऊन नऊ वर्षं झाली. हिशेब लिहायची सवय असल्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, मेमरी कार्डं, दुरुस्त्या मिळून आजवर 1,84,000 रुपये गेले. आले 1,31,000. थोडक्यात, मुंबईत नऊ वर्षं फोटोग्राफी करून मी 53,000 रुपये तोट्यात आहे. या आकड्यावर नोकरी सोडायला मला कुणी कर्जसुद्धा देणार नाही. आमची बँक तर नाहीच नाही.

तोट्यातला पहिला मोठा खर्च बुरशीचा. पहिल्या पावसाळ्यात मी लेन्स जिवापाड जपली, म्हणजे मऊ पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली. गणपतीत बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याचं जाळं. बोरा बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी ती उजेडाकडे धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुंबईत लेन्स ठेवायची नसते बाई, वापरायची असते." तेव्हापासून माझ्या लेन्स हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत नांदतात. डबा मुळात पोह्यांचा. सासूबाईंनी अजून मनापासून माफ केलेलं नाही.

लग्नांचंही सांगते, कारण "लग्नं कर, पैसा तिथे आहे" हा सल्ला हमखास येतो. केली. दोन हंगाम एका टीमबरोबर दुसरी फोटोग्राफर म्हणून जात होते, दिवसाला 3,000 रुपये, तेही दोन-दोन महिन्यांनी. काम भयंकर अवघड आहे आणि ते नीट करणाऱ्यांबद्दल मला खरा आदर आहे. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, दोघं एकमेकांकडे बघतात, सगळा मामला दोन सेकंदांचा. माझ्या पहिल्या लग्नात त्या दोन सेकंदांत माझ्या लेन्ससमोर मुलीच्या मामांचं कोपर होतं. पण त्याहून जिव्हारी लागली ती दादरची एक मुंज. तेव्हाच्या माझ्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसायचं, ते मधेच बिघडलं आणि मातृभोजनाचे सगळे फोटो गेले. बटूची आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन कार्डांचा कॅमेरा घेतला आणि लग्नं-मुंजी बंद केल्या.

मग लोक प्रसिद्ध फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांचं उदाहरण देतात. त्यांनीही नोकरी सोडलीच की! सोडली, 1987 मध्ये. पण 1974 पासून तेरा वर्षं ते लिंटास या जाहिरात कंपनीत होते आणि तिथे त्यांचं कामच फोटोंशी संबंधित होतं, हे सांगायला सगळे विसरतात. माझ्या कामाचा फोटोशी संबंध केवायसीच्या अर्जापुरता. मला जवळचे वाटतात ते डॉ. नारायण दाजी, भाऊ दाजी लाडांचे भाऊ. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा हाताळणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. पेशाने डॉक्टर. त्यांनाही कुणीतरी विचारत असेलच, डॉक्टरसाहेब, दवाखाना कधी बंद करताय?

हौशी माणसाकडे निदान विषय स्वतः निवडायची चैन असते. मी ती बरीच वर्षं वाया घालवली. ओहोटीची वेळ बघून शिवडीच्या जेट्टीवर जायचं, चिखलातले फ्लेमिंगो टिपायचे. शेजारी आणखी तीस जण तेच पक्षी त्याच दिशेने टिपत असायचे. मग काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या मागे लागले. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून जाणार हे ठरलेलं होतं. त्या शेवटच्या रविवारी मी पहाटेपासून फिरत होते. जिथे टॅक्सी दिसे तिथे माझ्याआधी कुणीतरी कॅमेरा रोखून उभा. दुपारी वैतागून आईकडे डिलाईल रोडला गेले.

आई स्टुलावर चढून भिंतीवरच्या तसबिरी उतरवत होती. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची होती, आमचा नंबर जवळ आला होता. जिथून तसबीर उतरली तिथे भिंतीवर मूळ रंगाचा चौकोन, आजूबाजूला वर्षानुवर्षांचा धूर आणि उदबत्ती. उतरवलेल्या तसबिरींत सगळ्यात वर बाबा होते.

बाबांचा हा फोटो मी कधी नीट बघितला नव्हता, कारण बघवत नाही. 2019 मध्ये ते अचानक गेले. तेराव्याच्या आत फ्रेम हवी होती आणि घरात त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. चुलत भावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांना कापून काढलं, मागे निळा रंग भरला. डाव्या खांद्यावर अजून काकूच्या पैठणीचा हिरवा तुकडा आहे. कॅमेरा घेऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझ्याकडे फ्लेमिंगोंचे चारशे फोटो होते.

त्या दिवशी आईला म्हटलं, थांब, बाकीच्या उतरवू नकोस. तिथून हे काम सुरू झालं. चाळ सोडण्याआधी प्रत्येक खोलीतली ती एक भिंत, तिच्यावर जे आहे ते सगळं जसंच्या तसं.

बाहेरून सोपं वाटतं. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतली खोली 160 चौरस फूट. त्यात कॉट, कपाट, मोरी, माणसं. भिंतीपासून मागे सरकायला जागा नाही आणि रुंद लेन्स लावली की कडेचे गणपती तिरके होतात. म्हणून भिंतीचे तुकडे करून काढायचे आणि घरी येऊन जोडायचे. ट्यूबलाइट असेल तर शटर शंभरांश सेकंदावर, नाहीतर फोटोत पट्टे येतात. सगळ्यात मोठा शत्रू तसबिरीची काच. समोर उभं राहिलं की काचेत मीच दिसते, माझ्यामागे दार, दारात जमलेली पोरं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, तिरक्या कोनातून उपयोगी, समोरासमोर काही करत नाही. शेवटी आईच्या जुन्या काळ्या साडीला लेन्सएवढं भोक पाडलं आणि तिच्यामागे उभी राहिले. पोरांनी मला 'चंद्रकळा' नाव ठेवलं.

आणि त्या भिंती! स्वामी समर्थ, शिवाजी महाराज, बाबासाहेब आणि बुद्ध, कबड्डी संघ, पालथं पडून मान वर केलेलं बाळ, रंगवलेल्या पडद्यासमोरचं जोडपं, तो बसलेला, ती उभी. एका खोलीत एका आजोबांचा फोटो होता, चांगला दोन फुटी. त्यांच्या उजव्या खांद्यावरून एक जांभळट कमान गेलेली. मला वाटलं डाग आहे. त्यांची सून म्हणाली, तो मिलचा शिक्का. आयुष्यात त्यांनी एकदाच फोटो काढून घेतला होता, गिरणीच्या पाससाठी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरणी गेली, पास ट्रंकेत राहिला. आजोबा गेल्यावर तोच मोठा करून आणला, शिक्क्यासकट.

हे सगळं नव्या घरात जात नाही, म्हणून माझी घाई. नवी जागा 500 चौरस फुटांची, पण टीव्हीची भिंत प्लायवूडची आणि मुलं म्हणतात खिळे नकोत. देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाखाली जातात. माणसांच्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर.

साठेक भिंती झाल्या आहेत. एकाही भिंतीचे मला पैसे मिळालेले नाहीत, मागितलेही नाहीत. पण दर तिसऱ्या-चौथ्या घरात एक गोष्ट व्हायला लागली. पहिल्यांदा झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी आजींकडे, त्याच शिक्क्यावाल्या आजोबांच्या घरी. माझी साडी घडी करून होत होती. त्यांनी सुनेला चहाला पिटाळलं आणि हळूच म्हणाल्या, "गो चेडवा, माका एक फ्रेमचो फोटो काढून दी." मी म्हटलं, कसली फ्रेम आजी? त्यांनी बोटाने भिंत दाखवली.

तास लागला. नऊवारी बदलली, कानांत कुड्या घातल्या. मी सवयीने म्हटलं, थोडं हसा. "हसतो नको. हार घातल्यार बरो दिसाचो नाय." मग खिडकीशी कॉटवर बसल्या, हात मांडीवर, आणि लेन्सच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिल्या. मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो आहे. जेट्टीवरच्यासारखं शेजारी कुणी नव्हतं तिथे.

आता लोक मला भिंतीसाठी कमी आणि यासाठी जास्त बोलावतात. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे. व्यावसायिक व्हायचं झालं तर मला हे करायचंय. म्हातारी माणसं, त्यांच्या घरात, त्यांच्या कॉटवर, त्यांना हवी तशी. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांचं पान उघडा किंवा नाक्यावरचे 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स बघा. निम्मी माणसं कुणाच्यातरी लग्नातून कापलेली असतात, बाहीला दुसऱ्याचा हात चिकटलेला. काम भरपूर आहे. अडचण एवढीच की याची जाहिरात करता येत नाही. 'वेळेत फोटो काढून ठेवा' असं कार्ड छापलं तर लोक मला चपलेने मारतील. 'ज्येष्ठांचे पोर्ट्रेट' म्हटलं की मोतीबिंदू शिबिर वाटतं. सध्या मी पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाचा आडोसा घेते. एक्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास घरात तो सोहळा असतोच, माणूस नटलेलं असतं आणि कुणाला अभद्र वाटत नाही. दोन दिवस आधी जाऊन, गर्दी नसताना काढते. पुढचं ज्याचं त्याने समजायचं.

दर 2,500 ठेवलाय, त्यात लालबागच्या फ्रेमवाल्याची फ्रेम धरलेली. पहिल्या पाच जणांकडून पैसे घेताना हात कापला. कॅशियरचा हात, पैसे घ्यायला कापला! आणखी एक धडा पैशांबरोबर आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे फुकट काढलेल्या भिंती माझ्या आणि कमाईचे चेहरे त्यांचे. मला कधीतरी दोन्ही शेजारीशेजारी लावून प्रदर्शन भरवायचंय, म्हणून आता दोन ओळींचा मराठी कागद करते: फोटो तुमचा, प्रदर्शनात लावायची परवानगी मला. आजपर्यंत एकानेच नाही म्हटलं. त्यांचा मी घरच्यांना देऊन माझ्याकडचा पुसून टाकला.

महिन्याला सरासरी तीन फोटो होतात. पंधरा व्हायला लागले तर बँकेत अर्ध्या पगारी रजेचं विचारेन. सोडायचं तेव्हाही नाही. थोरलीची बारावी आहे, आणि पगार आहे म्हणून भिंती फुकट काढता येतात. तारीख विचाराल तर माझ्याकडे नाही. पंधराचा आकडा मात्र डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

आईचा फोटो काढलास का, हेही विचारतात. नाही. दर वेळी ती म्हणते, केस रंगवले की काढ. केस रंगवले की म्हणते, आता खोटं दिसेल.

मालवणी आजी गेल्या दिवाळीत भेटल्या, सध्या मुलाच्या भाड्याच्या घरी, परळला. दाराशीच नातू तक्रार करायला लागला, ताई, तुम्हीच सांगा हिला. मी आत जाऊन बघितलं. भाड्याच्या भिंतीवर, मालकाची परवानगी न घेता, दोन खिळे ठोकलेले. एकावर शिक्क्यावाले आजोबा, चंदनाचा हार घातलेले. शेजारी माझ्या फोटोतल्या आजी, बिनहाराच्या. खाली कॉटवर खऱ्या आजी लसूण सोलत बसलेल्या.

"अपशकुन आहे हे," नातू म्हणाला.

"अपशकुन कसलो?" आजींनी मान वर केली नाही. "म्हाताऱ्याच्या बाजूची जागा आसा. रुमाल टाकून ठेवलंय."