गिलाव्याच्या चिरा: माझा अनुभव

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घराच्या आतल्या गिलाव्याचं, म्हणजे प्लास्टरचं, काम आम्ही एप्रिलमध्ये काढलं. हॉल पहिला झाला. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडला आणि पश्चिमेच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या. पोटात गोळाच आला.

थापीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. आवाज भरीव होता, म्हणजे गिलाव्याने वीट सोडलेली नव्हती. एका चिरेत नख घातलं तर वरची सिमेंटची पापडी निघाली, खाली गिलावा धड. तेव्हा आठवलं, ओल लवकर शोषली जावी म्हणून पोऱ्याने भिंतीवर कोरडं सिमेंट मारलं होतं आणि मिस्त्रींनी त्यावर बराच वेळ थापी फिरवली होती. सिमेंटचा हा वरचा थर खालच्या मालापेक्षा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूपेक्षा, जास्त आकसतो आणि फाटतो. माल तरी कुठे बेताचा होता? "भाऊ, सिमेंट जास्त घातलं की भिंत पक्की," म्हणत त्यांनी १:३, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू, असं धरलं होतं. आतल्या भिंतीला १:६ पुरतं. सिमेंट जितकं जास्त तितकं आकसणंही जास्त, हे त्यांना पटवायला मला दोन चहा लागले.

बेडरूमला हात लावण्याआधी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, पाहिली. काचेच्या बरणीत वाळू-पाणी हलवून ठेवलं, तर तासाभराने वर बोटभर भुकटी बसलेली. इतकी भुकटी पाणी जास्त मागते, आणि ते पाणी उडून गेलं की गिलावा आकसतो. ती गाडी परत पाठवली, प्लास्टरची धुतलेली वाळू मागवली.

विटा आदल्या संध्याकाळी भिजवल्या. आपल्याकडच्या एप्रिलात तहानलेली वीट मालातलं पाणी क्षणात ओढून घेते. बीम आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) खिळ्यांनी ताणून बसवली, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत. जाडी १२ मिलीमीटरच्या आसपास ठेवली. माल थोडाथोडाच कालवायचा, घमेल्यात घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालायचं नाही, असं ठरलं. पश्चिमेची भिंत सकाळीच उरकली आणि खिडक्यांना ओलं बारदान लावलं, दुपारची झळ आत यायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं काम मी स्वतःकडे घेतलं. दिवसातून तीनदा, पूर्ण दहा दिवस. निदान सात दिवस तरी भिंत ओली राहायलाच हवी. अधूनमधून वाळली तर मारलेल्या पाण्याचा फारसा उपयोग नाही.

दोन्ही बेडरूम स्वच्छ निघाल्या. स्विचबोर्डच्या वर मात्र एक उभी चीर आली. तिथे वायरीच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेली झिरी भरताना जाळी मारायची राहिली होती. तेवढा पट्टा फोडून जाळी घालून पुन्हा भरला, आणि तेवढ्यालाही सात दिवस पाणी मारतोय.